पुलाच्या तीन फेऱ्या

"माझी आई दमते."

यशोधरानं हे उत्तर हात मागे बांधून, अगदी स्पष्ट आवाजात दिलं. बालवाडीच्या पालकसभेत मयुरी मॅडम एकेका मुलाला उभं करून विचारत होत्या, "तुझी आई काय करते?" आधीच्या मुलांनी सरळ उत्तरं दिली होती. कुणाची आई स्वयंपाक करत होती, कुणाची शिवणकाम, एकाची तर चक्क वकिली. यशू चार वर्षांची. तिनं क्षणभर छताकडं पाहिलं आणि रोज जे दिसतं ते सांगून टाकलं.

सगळे पालक हसले. मागे मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलेली संघमित्राही हसली. पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही.

"अहो, मी नोकरी करते. दोन डबे करते. तिच्या उभ्या रेघा, आडव्या रेघा काढून घेते. यातलं एकही तिला सांगता आलं नाही?"

"मुलगी सभेत खरं बोलली, याचं कौतुक कर," प्रशील म्हणाला.

प्रशील सुरवाडे रेल्वेच्या दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर होता. दिवसभर लोकांना 'जेवणाआधी', 'जेवणानंतर' सांगून सांगून त्याचं बोलणं घरीही तेवढंच आटोपशीर झालं होतं.

संघमित्राला खरं बोचत होतं ते वेगळंच. आठ दिवसांपूर्वी बाजारात यशूनं हात सोडवून घेतला होता आणि ती फुगेवाल्याच्या मागं धावली होती. संघमित्राही धावली. वीस पावलं. एकविसाव्या पावलाला तिला विजेचा खांब धरून उभं राहावं लागलं. यशूला शेवटी फुगेवाल्यानंच धरून आणून दिलं आणि वर म्हणाला, "ताई, फुगा घेऊ नका हवं तर, पण बसा थोडं." तेव्हापासून रात्री डोळा लागायच्या वेळी तिला तो खांब दिसायचा. आज फुगेवाला होता. उद्या रस्ता असेल, मोटारसायकल असेल. चार वर्षांची मुलगी दिवसेंदिवस जोरात धावायला लागणार आणि आपण दिवसेंदिवस... पुढचं ती मनातसुद्धा म्हणायची नाही.

"रोज तीस मिनिटं चाल," प्रशील म्हणाला. "दम न लागायची गोळी माझ्या खिडकीवर येत नाही."

"तीस मिनिटं कुठून आणू, तेही सांगा."

तेवढं मात्र त्याच्याही कपाटात नव्हतं.

संघमित्रा रोज भुसावळहून जळगावला अप-डाऊन करायची. तिकडे एका सरकारी कार्यालयात ती कनिष्ठ लिपिक होती. पहाटे पाचला उठायचं, दोन डबे, यशूची बाटली, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, आणि साडेआठला घर सोडायचं ते संध्याकाळी सातला परत. तरी तिनं प्रयत्न केले. पहाटे साडेचारला उठून कॉलनीत चालायला गेली, तर कॉलनीतल्या सात कुत्र्यांनी तिला इतक्या वेगानं घरी पोहोचवलं की व्यायाम झाला, पण पुन्हा जायची छाती झाली नाही. मग मोबाइलवर योगासनं लावली. ती भुजंगासनात गेली की यशू पाठीवर बसून "चल घोड्या" म्हणायची, आणि सासूबाई दारातून डोकावायच्या.

सासूबाई, म्हणजे द्रौपदाबाई, माहेरच्या धुळ्याकडच्या. भुसावळात चाळीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

"काय हारपनं वं, माय? खाटखाली काय देखी ऱ्हायनी?"

"काही हरवलं नाही, आई. व्यायाम करते."

"मंग उठ ना. येवढं घर झाडाले पडेल शे."

योगासनं चार दिवस टिकली. दुर्दैवानं ती सुरू केल्याचं तिनं गाडीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पुढचे दोन महिने जो तो विचारायचा, "मग, योगा काय म्हणतो?" म्हणून यावेळी तिनं ठरवलं, महिना पूर्ण होईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही.

आणि तीस मिनिटं अचानक सापडली. ती रोज तिच्या हातातच होती.

संघमित्राची गाडी सव्वानऊची. ती फलाटावर पोहोचायची पावणेनऊच्या आत. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला कधी तास लागत नाही हे तिला माहीत होतं, पण रिक्षा मिळाली नाही तर? फाटक बंद असलं तर? 'तर' हा शब्द जिच्या तोंडात बसला, ती बाई कुठंही अर्धा तास आधीच पोहोचते. आजवर हा अर्धा तास बाकावर बसून घरी फोन करण्यात जायचा. गॅस बंद आहे ना, यशूनं दूध घेतलं ना, मागचं दार लावलं ना. पहिल्याच दिवशी तिनं हे तिन्ही प्रश्न चालता चालता विचारले आणि फलाटाच्या चार फेऱ्या झाल्या.

ती फलाटाच्या पार टोकाला जायची. शेड संपते, बाक संपतात, माणसं संपतात, तिथं. चपला पिशवीत टाकायची आणि पांढरे बूट घालायची. पहिला आठवडा नुसती चालली. दुसऱ्या आठवड्यात टोकाच्या पुलाचा जिना चढायला लागली. चव्वेचाळीस पायऱ्या वर, पूल ओलांडायचा, चव्वेचाळीस खाली, पलीकडच्या फलाटाला पाय लावायचा आणि तसंच परत. ही एक फेरी. सुरुवातीला एका फेरीत ती कठडा धरून उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात तीन फेऱ्या व्हायला लागल्या. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या दिनदर्शिकेवर ती रोज पेन्सिलीनं एक बारीक बरोबरची खूण करायची आणि दार लावण्याआधी एकदा सगळ्या खुणा मोजायची. पंचवीस झाल्या होत्या.

सव्विसाव्या दिवशी घोळ झाला.

त्या दिवशी बालवाडीला सुट्टी होती आणि द्रौपदाबाईंना जळगावला डोळे दाखवायचे होते. यशूला घरी ठेवायचं कुणाजवळ? म्हणून तिघी निघाल्या. जळगाव स्टेशनवर भाचा आकाश दोघींना घ्यायला येणार होता. फलाटावर मधल्या पुलाच्या अगदी समोरच्या बाकावर संघमित्रानं दोघींना बसवलं. जिना संपल्यावर त्यांचा बाक, दोन्हींमध्ये फक्त चहाची एक टपरी.

"आई, मी वीस मिनिटांत आले. काहीही झालं तरी इथून उठू नका. यशूचा हात सोडू नका. कुणीही काहीही सांगितलं तरी उठू नका."

"बरं. पन तू कथी चालनी?"

"इथंच. पुलावर."

टोकाच्या पुलावरून यशू दिसली नसती. म्हणून आज मधला पूल. यात काही चुकलं असं कोणती आई म्हणेल?

पण मधल्या पुलाखाली अप-डाऊनवाले बसायचे.

अप-डाऊनवाल्यांचे पुढारी सुकदेवभाऊ. तीस वर्षांची अप-डाऊन, निवृत्तीला आठ महिने. धावत्या गाडीच्या खिडकीतून हातरुमाल टाकून चार जागा धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता. ते नवख्यांना एकच मंत्र द्यायचे, "गाडीकडं पाहू नका, माणसांकडं पाहा." म्हणजे फलाटावरची घोषणा सगळ्यांसाठी असते, पण आतली बातमी असलेला माणूस घोषणेच्या आधी उठतो. तो उठला की आपण उठायचं.

आणि संघमित्राचा नवरा रेल्वेत होता. तो गोळ्या देतो की सिग्नल देतो, याच्याशी सुकदेवभाऊंना कर्तव्य नव्हतं.

संघमित्रा हातात मोबाइल घेऊन, वेळ पाहून, पांढरे बूट वाजवत ताडताड जिना चढली तेव्हा भाऊंनी पेपर खाली केला.

"साबेराबेन, ताईंच्या पायात बूट आहेत."

साबेरा आपा जळगावच्या एका उर्दू शाळेत शिकवायच्या. गाडीत त्यांची आणि संघमित्राची जागा शेजारी, डबा अर्धा-अर्धा. "हां, देखे मैंने. मी म्हटलं चप्पल तुटली असेल."

"मोबाइल पाहिला आणि पळाल्या. कुणाचा मेसेज असेल?"

दोघांनी वर पाहिलं. संघमित्रा पुलाच्या मध्यावर थांबून खाली हात हलवत होती. ती यशूला टाटा करत होती. पण साबेरा आपा यशूच्या बरोबर पुढं बसल्या होत्या.

"मुझे बुला रही है क्या?"

तेवढ्यात संघमित्रा पलीकडं उतरली, पाय लावून परत फिरली आणि पहिली फेरी संपवून खाली आली. कपाळावर घाम, ओठ हलताहेत. त्या ओठांवर 'त्रेचाळीस, चव्वेचाळीस' होतं.

"काय ताई, काही विशेष?" भाऊंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही भाऊ. असंच."

आणि ती वळून पुन्हा चढायला लागली.

भुसावळच्या फलाटावर कुणी 'असंच' चव्वेचाळीस पायऱ्या चढत नाही. भाऊंनी पेपराची घडी घातली. "असंच म्हणाल्या. म्हणजे सांगायची परवानगी नाही. नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न असतो, साबेराबेन. आपण समजून घ्यायचं असतं. गाडी आज पलीकडं येते, चला."

"लेकिन तिनं मला तरी सांगायचं होतं," साबेरा आपा उठता उठता दुखावून म्हणाल्या. "काल माझ्या डब्यातली अर्धी बिर्याणी खाल्ली तिनं."

भाऊ उठले म्हणून त्यांचे दहा-बाराजण उठले. दहा-बाराजण उठले म्हणून चहावाल्यानं किटली उचलली, कारण त्याची गिऱ्हाइकं निघाली होती. आणि चहावाला निघालेला पाहून फलाटावरचे, ज्यांचा कुणाशीच संबंध नव्हता, ते लोक उठले. सगळं चुकेल, पण चहावाल्याला गाडी कुठं लागते हे चुकत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

दुसऱ्या फेरीत संघमित्रा पलीकडून परत येताना जिन्यात तिला भाऊ उतरताना भेटले.

"ताई, परत कुठं?"

ती तिसाव्या पायरीवर होती. बोललं की मोजणी चुकते. तिनं एक बोट दाखवलं, एक फेरी राहिली म्हणून, आणि निघून गेली.

"घरची माणसं राहिली तिकडं, त्यांना आणायला गेल्या," भाऊंनी मागच्यांना सांगितलं. "सासूबाई आणि मुलगी आहे ना बाकावर." आता शंकाच उरली नाही. माणूस लोकांना फसवेल, पण सासूला आणि पोटच्या पोरीला उगाच पूल चढायला लावणार नाही. भाऊंनी पलीकडच्या फलाटावर उभं राहून दोन्ही हात वर केले आणि इकडच्या फलाटाला हाक घातली, "या! इकडं या! इकडं येते!"

इकडच्या फलाटावर तेव्हा एक वऱ्हाड बसलं होतं. फैजपूरहून पाचोऱ्याला निघालेलं. वऱ्हाडाची जबाबदारी नवरीचे मामा बन्सीलाल यांच्यावर होती. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी जबाबदारी दिली होती आणि ती फार मनावर घेऊन ते पहाटेपासून तीनदा माणसं मोजून चुकले होते. सोबत रुखवताची सहा खोकी आणि बुंदीच्या लाडवांनी गच्च भरलेली स्टीलची एक उंच कोठी होती.

"उठा! गाडी पलीकडं लागते!" बन्सीलाल ओरडले. "कोठी दोघं धरा. आडवी करू नका, लाडू फुटतील. माणसं... जाऊ द्या, माणसं तिकडं मोजू!"

संघमित्रानं बाकाजवळ येऊन यशूला दोन घोट पाणी पाजलं, तिच्या स्वेटरचं बटण लावलं आणि तिसऱ्या फेरीला लागली. जिन्यात आज गर्दी होती खरी. पण तिची एक नजर पायऱ्यांवर होती आणि एक बाकावर. तिसरी नजर कुणालाच नसते. ती खोक्यांच्या मधून, कोठीला वळसा घालून चढली, उतरली, पलीकडच्या फलाटाला पाय लावला, मनात म्हणाली 'झालं', आणि परत वळली.

वळली तर समोर जिनाच नव्हता. जिन्याच्या जागी माणसं होती. वरपासून खालपर्यंत उतरणारी माणसं, खोकी, पिशव्या, कोठी.

"अहो, जरा बाजूला व्हा. मला वर जायचंय."

"उलटं कुठं चालली, बाई? सगळे खाली उतरताहेत," बन्सीलाल कोठीमागून म्हणाले.

"पण सगळे इकडं का आलेत?"

"गाडी इकडं लागते."

"कोण म्हणालं?"

"पक्की बातमी आहे. कुणी रेल्वेवाल्याची बायको आहे, तिला आतून निरोप आला."

आता भुसावळात रेल्वेवाल्याची बायको शोधायची म्हणजे फैजपुरात केळीचं पान शोधायचं. ती बाई आपण असू, हे संघमित्राच्या डोक्यात आलंच नाही. तिला फक्त दोनशे माणसं दिसली. एवढी दोनशे माणसं चुकतील कशी? तिनं सासूबाईंना फोन लावला.

"आई! ऐका! गाडी पलीकडं येतेय, इकडं! यशूला घ्या आणि... नको, तुम्ही जिना चढू नका. थांबा, मीच येते. नको, गर्दी आहे. अहो आई, तुम्ही..."

"आम्ही कोठे बी येनार नही," द्रौपदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगं ना, कोनी बी काय बी सांगो, उठू नको. मी नही उठनार."

"पण आता मीच सांगतेय ना!"

"तू बी 'कोनी बी' मा ऊनी."

'कुणीही'मध्ये सूनही आली, एवढं सांगून फोन बंद झाला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रुळांवर लांबून इंजिनाचं नाक दिसलं. दोनशे माणसं फलाटाच्या कडेला सरसावली, सुकदेवभाऊंनी रुमाल काढला. इंजिन जवळ आलं, मोठं झालं, आणि नेहमीच्या वेळी, नेहमीच्या संथपणानं, नेहमीच्याच फलाटाला जाऊन लागलं.

भाऊंचा रुमाल हवेत तसाच राहिला.

मधले दोन रूळ आणि पलीकडं उभी गाडी. गाडीच्या एका खिडकीत एक छोटा चेहरा गजाला चिकटला होता.

"आई! टाटा!"

गाडी समोरच लागल्यावर द्रौपदाबाई उठल्या होत्या, आणि पूर्ण रिकाम्या डब्यात यशूला खिडकी मिळाली होती.

सव्वानऊची गाडी भुसावळला दहा मिनिटं थांबते, हे संघमित्राला तीन वर्षांपासून माहीत होतं. पण आईला माहीत असणं वेगळं आणि आईला पटणं वेगळं. तिला एवढंच दिसत होतं, की मुलगी गाडीत आहे, आपण बाहेर आहोत आणि मध्ये चव्वेचाळीस अधिक चव्वेचाळीस पायऱ्या आहेत.

ती धावली. ओढणी कमरेला बांधली, पर्स पाठीवर टाकली आणि धावली. तिच्या मागं साबेरा आपा, त्यांच्या मागं सुकदेवभाऊ, त्यांच्या मागं आख्खा फलाट. "कोठी! कोठी उचला!" "मामा, एक खोकं राहिलं!" "राहू दे, थर्माकोलचा बंगला आहे तो!" "नवरीच्या बहिणीनं पंधरा दिवस खपून केलाय, मामा!" "मग उचल ना, बोलतोस काय!" दहाव्या पायरीवर लोकांनी कठडे धरले. विसाव्या पायरीवर एकानं पिशवी खाली ठेवली. पंचविसाव्या पायरीवर सुकदेवभाऊ म्हणाले, "पुढं व्हा तुम्ही, मी मागून... येतो," आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मागं टाकून गेलं.

संघमित्रा मोजत नव्हती. पूल कधी संपला हे तिला कळलं नाही. जिना उतरून, बाकाला वळसा घालून ती डब्यात चढली आणि यशूचं मनगट तिनं घट्ट धरलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. खांब नाही, कठडा नाही, कुणाचा खांदा नाही. श्वास जोरात चालला होता, पण चालला होता.

तिच्यानंतर पूर्ण दीड मिनिटानं पहिला माणूस डब्यात शिरला. मग डबा भरत गेला. कुणी बाकावर कोसळलं, कुणी दाराशीच बसलं. साबेरा आपा ओढणीनं वारा घेत बसल्या. शेवटी लाडवांची कोठी आली आणि तिच्या मागं घामानं निथळणारे बन्सीलाल.

"सापडू... दे..." ते म्हणाले. "ती बाई... एकदा सापडू दे..."

सुकदेवभाऊंचा श्वास परत येईपर्यंत भादली स्टेशन मागं पडलं. मग त्यांनी चौकशी हाती घेतली.

"मामा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच नाही का? पलीकडून दोन्ही हात हलवून 'या, या' करत होतात!"

"मी साबेराबेनना सांगितलं होतं फक्त."

"और मुझे आपने बताया, भाऊ. मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"मी कशाला स्वतःच्या मनाचं सांगेन? मला तर..." आणि भाऊंची मान हळूहळू संघमित्राकडं वळली. त्यांच्या मागोमाग डब्यातल्या सगळ्या माना वळल्या. "ताई. तुम्हाला काय निरोप आला होता?"

संघमित्राच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती रेल्वेवाल्याची बायको कोण, हे तिला आत्ता कळत होतं.

"मला कुणाचाच निरोप नव्हता."

"मग तीनदा पूल कशाला चढलात?"

"व्यायाम करत होते."



"व्यायाम?" भाऊ म्हणाले. "कुणी सांगितलं नसताना?"

"रोज करते. पंचवीस दिवस झाले. आज सव्विसावा."

"पच्चीस दिन!" साबेरा आपा उसळल्या. "आणि मला नाही सांगितलं? योगा चार दिवस केलास तेव्हा आख्ख्या डब्याला सांगत फिरलीस, आणि पच्चीस दिन का राज़ मुझसे!"

"चार दिवसच टिकला होता ना, आपा. म्हणून तर नाही सांगितलं."

बन्सीलाल कोठीला टेकून उभे होते. "म्हणजे बाई, तुमच्या व्यायामापायी माझं रुखवत पूल ओलांडून गेलं आणि परत आलं?"

संघमित्रा काहीतरी क्षमेचं बोलणार, एवढ्यात खिडकीशेजारून द्रौपदाबाई उठल्या. आजवर सुनेच्या व्यायामाला त्या 'जमिनीवर लोळणं' म्हणत आल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या डब्यावरून नजर फिरवली.

"तिले काय बोली ऱ्हायनात? ती बोलावाले ऊनी व्हती का तुम्हले? जरा सोताकडे देखा. बठ्ठा पुरुष मान्से हाफी ऱ्हायनात. आनि मन्ही सून देखा, कशी उभी शे!"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच उभी होती. अर्धा डबा अजून धापा टाकत होता.

पहिल्यांदा हसू बन्सीलालांनाच फुटलं. त्यांनी कोठीचं झाकण काढून पाहिलं. लाडू फुटले होते, जवळजवळ सगळेच. "आता ही बुंदी वरपक्षाला कोणत्या तोंडानं देऊ? वरच्या थरातली तुम्हीच संपवा," म्हणत त्यांनी मूठ मूठ वाटायला सुरुवात केली. संघमित्रानं दोन मुठी खाल्ल्या. मनातल्या मनात हिशेब केला, तर सव्विसावा दिवस पूर्ण वजा झाला होता. तिनं तिसरी मूठही घेतली.

दुसऱ्या दिवशी ती पावणेनऊला फलाटावर आली आणि मुकाट्यानं टोकाच्या पुलाकडं निघाली, तर मागून हाक आली.

"ताई, तिकडं कुठं? मधला पूल बरा आहे. सावली आहे."

सुकदेवभाऊंच्या पायात कोरे करकरीत कॅनव्हासचे बूट होते. शेजारी साबेरा आपा, सलवारीखाली मुलाचे खेळायचे बूट घालून. मागं आणखी सहाजण. पहिल्या दिवशी भाऊ वीस पायऱ्यांवर थांबले, आठव्या दिवशी पुलावर पोहोचले. अडचण एकच झाली. एवढी माणसं जिना चढताना दिसली की फलाटावरचे बाकीचे लोक सामान उचलायचे. म्हणून आता दर फेरीला एकजण जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून सांगतो, "बसा, बसा! गाडी इथंच येणार आहे. हा व्यायाम आहे." तरी दोन-तीन जण विश्वास ठेवत नाहीत आणि मागून येतात. त्यांचाही व्यायाम होतो.

कपाटाच्या दारावर नव्वद खुणा झाल्या तेव्हा बालवाडीची पुढची पालकसभा आली. संघमित्रा त्याच लहान खुर्चीत बसली. यशूची पाळी जवळ येत चालली तशी ती खुर्चीच्या कडेला सरकत गेली. घरून निघताना तिनं यशूला काहीही पढवलं नव्हतं. पढवावंसं फार वाटलं होतं, पण नव्हतं पढवलं.

"यशोधरा सुरवाडे. तुझी आई काय करते?"

यशूनं हात मागे बांधले. छताकडं पाहिलं नाही.

"माझी आई पळते," ती म्हणाली. "आणि ती पळाली ना, की सगळे लोक तिच्या मागं पळतात. मामापण. कोठीपण. पण कुणालाच ती सापडत नाही. ती आधी मलाच धरते."

पुढच्या रांगेतल्या वकील आईनं वळून संघमित्राकडं नीट पाहिलं. मयुरी मॅडमनी हातातला कागद खाली केला आणि थोड्या अदबीनंच विचारलं,

"तुम्ही पोलिसात लागलात का हो, ताई?"

संघमित्रानं छोट्या खुर्चीतून, कशाचाही आधार न घेता, एका दमात उठून उभं राहून दाखवलं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "अप-डाऊन करते."